भारतात ऑपरेशन करून परदेशी परतलात? या चुका टाळा

लंडन, दुबई, न्यू जर्सीतली आपली माणसं सुट्टीत पुण्या-मुंबईला येतात आणि पित्ताशय, हर्निया, गुडघा उरकून घेतात. तारीख लवकर मिळते, घरचे जवळ असतात. पण बरीचशी गुंतागुंत टाके निघाल्यावर, म्हणजे परतल्यावरच डोकं वर काढते.

सगळ्यात घातक चूक म्हणजे इथल्या सर्जनना व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून उत्तराची वाट बघत बसणं. एकच पोटरी सुजून दुखतेय, धाप लागतेय, छातीत दुखतंय, हुडहुडी भरून ताप येतोय, यातलं काहीही झालं तर फोटोवरून निदान होत नाही. पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो. ब्रिटनमध्ये ९९९, अमेरिकेत ९११, अमिरातीत ९९८ लावा. सर्जनना मागाहून कळवा. रजा संपतेय म्हणून परतीचं तिकीट लवकरच्या तारखेचं काढणंही टाळा. छातीच्या किंवा पोटाच्या ऑपरेशननंतर निदान १० दिवस विमानप्रवास नको, असं अमेरिकेची सरकारी आरोग्यसंस्था सीडीसी सांगते. सांधा बदलला असेल तर सर्जनना विचारल्याशिवाय तारीख ठरवूच नका.

दुर्बिणीच्या ऑपरेशनबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण इथे रुग्ण महिनोन्‌महिने उगाच भोगतात. जखम छान भरते. मग काही आठवड्यांनी त्याच छिद्रापाशी गाठ येते, पू वाहू लागतो. नेहमीचं अँटिबायोटिक घेतलं की थोडं बरं वाटतं, पुन्हा वाहतं. अशा वेळी क्षयाच्या जंतूंचे चुलतभाऊ, म्हणजे अटिपिकल मायकोबॅक्टेरिया, यांची शंका घ्यायलाच हवी. उपकरणं नीट निर्जंतुक झाली नाहीत किंवा ती दूषित पाण्याने धुतली गेली, की ते आत शिरतात. साध्या कल्चरमध्ये, म्हणजे पुवातले जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, ते बहुधा सापडत नाहीत. म्हणून पू तपासायला देताना 'मायकोबॅक्टेरियासाठीही कल्चर करा' असं तुम्हीच सुचवा. जंतू ओळखण्याआधी क्षयाच्या गोळ्या सुरू करू नका. यातल्या काही जंतूंवर त्या चालतच नाहीत. योग्य उपचारही कित्येक महिने चालतो.

डॉक्टर रागावतील म्हणून भारतातलं ऑपरेशन लपवू नका. गेल्या १२ महिन्यांत परदेशी रुग्णालयात राहिलेल्यांची ब्रिटनमध्ये दाखल करताना औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंसाठी तपासणी करतात. यात अपमान काही नाही. अँटिबायोटिक कोणतं द्यायचं, हे त्यावरून ठरू शकतं.

नुसतं डिस्चार्ज कार्ड घेऊन निघू नका. ऑपरेशन नोट्स, बायोप्सीचा रिपोर्ट, इम्प्लांटचा (शरीरात बसवलेल्या भागाचा) स्टिकर, सगळं मागा. २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांनुसार मागितल्यापासून ७२ तासांत कागद द्यावे लागतात. मात्र ते ३ वर्षंच जपण्याचं बंधन आहे, तेव्हा मागणी लांबवू नका.

औषधांची जेनेरिक, म्हणजे मूळ औषधाची, नावं लिहून घ्या. 'पॅन-डी' असं आपल्याकडचं ब्रँडचं नाव सांगितलं तर तिकडच्या डॉक्टरांना काही बोध होणार नाही. ट्रॅमाडॉल, प्रीगॅबालिन ही दुखण्यावरची औषधं अमिरातीत नियंत्रित आहेत. ती न्यायची असतील तर निघण्याआधी तिथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी काढा आणि प्रिस्क्रिप्शन हातातल्या बॅगेत ठेवा.