ऑक्सिजन सेन्सरचा कोड आला तर सेन्सर बदलण्यापूर्वी काय तपासावे

चेक इंजिनचा दिवा लागतो, गाडीचे ॲव्हरेज उतरते, आयडलिंगला इंजिन थरथरते आणि स्कॅनरवर ऑक्सिजन सेन्सरचे नाव असलेला कोड दिसतो. एवढ्यावरून बहुतेक ठिकाणी नवा सेन्सर मागवला जातो. ही घाई टाळावी असे माझे ठाम मत आहे. हा सेन्सर म्हणजे धुरातल्या ऑक्सिजनवरून हवा-इंधन मिश्रणाची स्थिती सांगणारा साक्षीदार आहे, आणि पुष्कळदा तो खरेच सांगत असतो. बिघाड दुसरीकडे असतो. खालील क्रम पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांतल्या नेहमीच्या चार तारांच्या झिरकोनिया सेन्सरसाठी आहे. अनेक नव्या गाड्यांत पुढच्या जागी वाइडबँड, म्हणजे मिश्रणाचे प्रमाण नेमके मोजणारा, सेन्सर असतो. त्याला व्होल्टेजचे हे आकडे लागू पडत नाहीत, म्हणून गाडीचे सर्व्हिस मॅन्युअल आधी पाहावे.

प्रथम कोड नीट वाचावा. पी ०१३५ हा पहिल्या बँकेतल्या (सिलिंडरांच्या पहिल्या रांगेतल्या) पुढच्या, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धूर शुद्ध करणाऱ्या भागाच्या) आधीच्या सेन्सरच्या हीटर सर्किटचा कोड आहे, तर पी ०१४१ कन्व्हर्टरनंतरच्या सेन्सरच्या हीटरचा. पी ०१३३ चा अर्थ पुढचा सेन्सर मंद प्रतिसाद देतो असा होतो. पी ०१७१ मिश्रण पातळ (इंधन कमी) असल्याचे आणि पी ०१७२ घट्ट (इंधन जास्त) असल्याचे सांगतो. या दोन कोडांवर सेन्सर बदलणे म्हणजे बहुधा पैसे वाया घालवणे होय.

हीटरचा कोड असेल तर फ्यूज पाहावा आणि मग सेन्सरपासून निघालेली वायर हाताने चाचपत कपलरपर्यंत जावे. मराठवाड्यात गाडी शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये किंवा गोठ्यालगत उभी राहते, तिथे उंदरांनी इन्सुलेशन कुरतडलेले असणे ही नित्याची गोष्ट आहे. कुरतडलेल्या जागी तांबे हिरवट पडलेले दिसते आणि बोटाने हलके वाकवताच तार तुटते. इग्निशन चालू करून कपलरच्या हीटर पिनवर बॅटरीइतके, म्हणजे सुमारे १२ व्होल्ट येतात का ते मल्टिमीटरने बघावे. सेन्सर थंड असताना हीटरच्या दोन पिनांमधला रोध साधारणपणे काही ओहम असतो. नेमकी मर्यादा मॅन्युअलमध्ये दिलेली असते, पण मीटर अनंत दाखवत असेल तर हीटर जळालेला आहे. सेन्सरला संदर्भासाठी लागणारी बाहेरची हवा अनेक रचनांत तारांच्या आतूनच जाते, म्हणून सेन्सरच्या वायरीला झाळ लावू नये आणि कपलरमध्ये ग्रीस भरू नये.

आता मुख्य तपासणी. सेन्सर साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापल्याशिवाय काम करीत नाही, त्यामुळे इंजिन पूर्ण गरम झाल्यावर, मोकळ्या हवेत, २००० ते २५०० आरपीएमवर धरून स्कॅनरवर पुढच्या सेन्सरचा लाइव्ह डेटा पाहावा. चांगल्या सेन्सरचे व्होल्टेज ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सतत वरखाली होत राहते, तर मागच्या सेन्सरचे बरेचसे स्थिर, ०.६ ते ०.७ च्या आसपास असते. मागचा सेन्सरही पुढच्यासारखाच हेलकावे खात असेल तर संशय कन्व्हर्टरवर घ्यावा. आकडा ०.४५ ला खिळलेला असेल तर सर्किट तुटलेले असण्याचा संभव अधिक.

आकडा खाली अडकलेला दिसला तरी निर्णय देऊ नये. ॲक्सिलरेटर एकदम दाबून सोडावा. दाबताना मिश्रण क्षणभर घट्ट होऊन व्होल्टेज ०.८ च्या पुढे जाते आणि सोडल्यावर इंधन तुटून ते शून्याजवळ येते. एवढी चढउतार लगेच होत असेल तर सेन्सर जिवंत आहे, आणि पातळ मिश्रणाचे कारण शोधावे लागेल. उन्हाळ्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो तेव्हा इनटेकच्या रबरी नळ्या कडक होऊन चिरतात, एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून गळती होऊन बाहेरची हवा आत ओढली जाते, इंधनाचा दाब कमी पडतो. गॅस्केटची गळती ओळखायला गाडी सकाळी थंड असताना चालू करावी; सांध्यापाशी काजळीचा डाग आणि फट-फट आवाज दिसला-ऐकू आला की पुढचा तपास सोपा होतो. सीएनजी गाडीत फ्यूएल ट्रिम, म्हणजे संगणकाने इंधनात टक्केवारीने केलेली वाढ-घट, पेट्रोलवर आणि सीएनजीवर वेगवेगळी पाहावी. बिघाड केवळ गॅसवर दिसत असेल तर रेग्युलेटर आणि गॅस इंजेक्टरकडे वळावे.

इथे इथेनॉलचाही विचार हवा. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, त्यातले काही आपल्याकडच्याच साखर कारखान्यांतून जाते. शुद्ध पेट्रोलला हवा-इंधन प्रमाण १४.७ (एक किलो इंधनाला १४.७ किलो हवा) लागते, तर वीस टक्के मिश्रणाला सुमारे १३.५, म्हणून जुन्या गाडीत ट्रिम काही टक्के अधिक दिसणे स्वाभाविक आहे. तो सेन्सरचा दोष मानू नये.

सेन्सर खरोखर निकामी ठरला तर तो दुरुस्त होत नाही. पेट्रोल किंवा कार्ब क्लीनरने धुण्याचा उपाय टिकत नाही. काढताना इंजिन किंचित कोमट असावे, आट्यांवर गंज सोडवणारे तेल मारून थोडा वेळ थांबावे आणि वायर जाऊ देणारा खाचेचा २२ मिमीचा सॉकेट वापरावा. काढलेले टोक टाकून देण्याआधी उजेडात पाहावे. काळी कोरडी काजळी घट्ट मिश्रण दाखवते, तपकिरी चिकट थर जळणारे ऑइल, आणि पांढरा खरखरीत थर सिलिकॉन सीलंट किंवा हेड गॅस्केटमधून गळणारे कूलंट. हे मूळ कारण तसेच ठेवून नवा सेन्सर बसवला तर तोही थोड्याच दिवसांत विषबाधेने जाईल.

नव्या सेन्सरच्या आट्यांना कंपनीने अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारे वंगण) लावलेले नसेल तरच ते बेताने, टोकाला न लागू देता लावावे, प्रथम हातानेच आटे धरवावेत आणि मग मॅन्युअलमधल्या टॉर्कवर आवळावे. वायर सायलेन्सरला टेकणार नाही अशी क्लिपमध्ये अडकवावी. त्यानंतर कोड पुसून गाडी गावातल्या गर्दीत आणि महामार्गावर दोन्हीकडे चालवावी, कारण संगणकाची स्वतःची तपासणी काही फेऱ्यांनंतरच पूर्ण होते. शेवटी पेंडिंग कोड (दिवा न लागता नोंदले गेलेले) पुन्हा वाचून फ्यूएल ट्रिम साधारण दहा टक्क्यांच्या आत आले आहेत याची खात्री करावी.