सुप्याच्या माळावर हिवाळ्यात वन्यजीव कसे पाहावेत

पुणे–सोलापूर महामार्ग चौफुल्याला सोडून मोरगावच्या वाटेने दक्षिणेला वळले की थोड्या वेळात बारामती तालुक्यातील सुपे हे गाव येते. गावाजवळच मयूरेश्वर वन्यजीव अभयारण्य आहे, ज्याला मोरगावच्या मयूरेश्वराचेच नाव मिळाले आहे. 1997 साली घोषित झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्रफळ जेमतेम 5.14 चौरस किलोमीटर आहे, म्हणजे ठरवून चालणारा माणूस एका सकाळीत या कडेपासून त्या कडेपर्यंत जाऊन परत येऊ शकतो. पर्जन्यछायेतील मुरमाड माळ, गुडघाभर वाळके गवत आणि मधूनमधून बोर, हिवर, बाभूळ एवढेच प्रथम नजरेस पडते. ताडोबाची कल्पना मनात धरून आलेला पाहुणा अर्ध्या तासात कंटाळतो आणि ‘इथे काहीच नाही’ असे म्हणून मोरगावच्या देवळाकडे निघून जातो. प्रत्यक्षात त्या अर्ध्या तासात दोन-तीन चिंकारांनी, म्हणजे माळावरच्या लहान हरणांनी, त्याला पाहिलेले असते. त्यालाच ती दिसलेली नसतात.

येथे येण्यापूर्वी अभयारण्याच्या या लहानपणाचा अर्थ नीट समजून घ्यावा, कारण पाहण्याची सगळी पद्धत त्यावरच ठरते. मोठ्या जंगलात बुजलेला प्राणी आत खोल निघून जातो. सुप्याला तशी खोली नाही. उठवलेले चिंकारा दोन-तीन मिनिटांत कडेला पोहोचते, आणि कडेपलीकडे शेते, तारेची कुंपणे, रस्ता आणि मोकाट कुत्री असतात. त्यामुळे प्राण्याच्या मागे जाणे हा येथे नुसता असभ्यपणा ठरत नाही, तो त्या प्राण्याच्या जिवावर बेतू शकतो. शोधत फिरण्यापेक्षा चांगली जागा निवडून बसून राहणे हीच या माळावरची खरी युक्ती आहे.

हंगाम नोव्हेंबरपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत धरावा. पावसाळा सरल्यावर लगेच गेल्यास गवत उंच आणि हिरवे असते आणि त्यात बसलेला प्राणी पंधरा पावलांवरूनही दिसत नाही. डिसेंबर-जानेवारीत गवत वाळून थोडे आडवे पडते, पावसाची डबकी आटतात आणि वनविभागाने केलेल्या पाणवठ्यांवरची वर्दळ वाढते. शिवाय उत्तरेकडून आलेले पक्षी तोपर्यंत माळावर स्थिरावलेले असतात. शक्यतो आठवड्यातील कामाचा दिवस निवडावा, कारण रविवारी इतक्याशा जागेत दहा गाड्या आल्या तरी त्या पुष्कळ होतात. प्रवेशाची वेळ आणि शुल्क यांत बदल होत असल्यामुळे आदल्या दिवशी वनविभागाकडे चौकशी करून ठेवावी.

या दिवसांत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, आणि आपण त्याच्याआधी माळाजवळ असले पाहिजे. पुण्याहून निघायचे असल्यास पहाटे पाचची वेळही उशिराचीच समजावी. उघड्या माळावर पहाटेचा गारठा शहरापेक्षा बराच अधिक असतो आणि दहा वाजता तोच माळ तापू लागतो, म्हणून एकच जाड स्वेटर घालण्याऐवजी एकावर एक असे पातळ कपडे घालणे सोयीचे पडते. कपड्यांचा रंग वाळक्या गवताचा किंवा मातीचा असावा, पांढरा मुळीच नसावा. एक सूचना मात्र कळकळीची आहे: लोकरीचे किंवा जाड सुती मोजे घालू नयेत. या माळावरील कुसळी गवताची टोकदार कुसळे मोज्यांत शिरतात, आतल्या आत वळत जातात आणि प्रत्येक पावलाला टोचतात. माझ्या पहिल्या भेटीतील निम्मा वेळ दगडावर बसून मोज्यांतून कुसळे काढण्यात गेला होता. घोट्याच्या वर येणारे बूट आणि त्यांवरून खाली ओढलेली गुळगुळीत कापडाची पँट एवढ्याने काम भागते.

दुर्बीण कॅमेऱ्यापेक्षा महत्त्वाची आहे. 8×42 मापाची दुर्बीण माळासाठी पुरेशी ठरते; यातील 8 हा आकडा वस्तू किती पट मोठी दिसते ते सांगतो आणि 42 हा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधील व्यास असतो. दहा पट मोठे दाखवणारी दुर्बीण घेण्याचा मोह होतो, पण हात गारठलेले असताना तिच्यातील चित्र थरथरते, आणि उडता पक्षी तिच्या अरुंद दृश्यात पकडणे नवख्याला जड जाते.

बसण्याची जागा निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात. सूर्य आपल्या पाठीशी असावा, नाहीतर समोरचा प्रत्येक प्राणी काळी आकृती होऊन जातो. वारा समोरून आपल्याकडे येत असावा, कारण चिंकारा आणि लांडगा दोघांचेही नाक तल्लख असते. हिवाळ्यात या भागात वारा बहुधा पूर्वेकडून किंवा ईशान्येकडून येतो, त्यामुळे सकाळी या दोन अटी एकमेकींच्या आड येतात. पाठीशी ऊन घ्यावे तर आपला वास पुढे जातो. अशा वेळी उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे तोंड करून, वारा आणि ऊन दोन्ही बाजूने घेऊन बसणे हा मला जमलेला मध्यममार्ग आहे. चिमूटभर माती हवेत सोडली की वाऱ्याची दिशा लगेच कळते. वाहन आत नेण्याची परवानगी असेल, तर इंजिन बंद करून वाटेवरच थांबलेल्या गाडीतून पाहणे सर्वांत उत्तम, कारण स्थिर गाडीला प्राणी जितके सहन करतात तितके उभ्या माणसाला करत नाहीत. गाडीचे दार वाजवून उघडले की तो सारा फायदा क्षणात संपतो.

बसल्यावर पहिली दहा मिनिटे दुर्बीण डोळ्यांना लावू नये. आधी नुसत्या डोळ्यांनी जवळून दूरवर सावकाश नजर फिरवावी. चिंकाराचा रंग वाळक्या गवतात इतका मिसळतो की अंग आधी दिसत नाही, हालचाल दिसते. ही हालचाल बहुतेक वेळा शेपटीची असते, कारण चिंकाराची आखूड काळी शेपटी सतत फडफडत राहते. तो काळा ठिपका एकदा नजरेने धरला की त्याच्याभोवती पाय, पोटाचा पांढरा भाग आणि शिंगे हळूहळू उमटू लागतात. शिंगे नर आणि मादी दोघांनाही असतात. नराची लांब आणि वलयांकित असतात, मादीची बारीक, आखूड आणि गुळगुळीत असतात. बुजलेले चिंकारा पुढचा पाय जमिनीवर आपटते आणि नाकातून शिंकेसारखा आवाज काढते. तो आवाज ऐकू आला म्हणजे आपण फार जवळ आलो आहोत, असे समजून तिथेच थांबावे, किंवा शांतपणे दोन पावले मागे सरकावे. हा प्राणी झाडपाल्यातून आणि दवातून मिळणाऱ्या ओलाव्यावर बराच काळ काढू शकतो, त्यामुळे केवळ पाणवठ्यावर त्याची वाट पाहत बसल्यास बहुधा निराशा पदरी येते. त्यापेक्षा लेंड्यांचे ढीग शोधावेत. चिंकारा एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा लेंड्या टाकते, आणि ढिगातील वरच्या लेंड्या ओलसर व काळ्या असतील तर ती जागा सध्या वापरात आहे हे नक्की.

पाणवठ्यावर बसायचे ते पखुर्ड्यांसाठी. माळावर दिवसभर न दिसणारे हे पक्षी ऊन थोडे वर आल्यानंतर, साधारण आठ ते दहाच्या दरम्यान, जोडीने किंवा थव्याने पाण्यावर येतात आणि ते येण्याआधी त्यांचा आवाज येतो. ते थेट पाण्याशी उतरत नाहीत. थोडे दूर उतरतात, मान वर करून पाहतात आणि मग तुरुतुरु चालत येऊन घाईघाईने पितात. त्या दोन मिनिटांत आपण हललो, तर तहानलेला थवा तसाच उडून जातो. पिले असलेला नर पोटाची पिसे पाण्यात भिजवतो आणि त्या पिसांतून पिलांसाठी पाणी नेतो. म्हणून पाणवठ्यापासून निदान पन्नास-साठ पावले दूर, झुडपाच्या आडोशाला बसावे.

हिवाळ्यात या माळावर खरी सत्ता भोवत्यांची असते. मध्य आशिया आणि रशियाच्या गवताळ प्रदेशांत घरटी करणारे हे शिकारी पक्षी सप्टेंबर-ऑक्टोबरपासून दख्खनच्या माळांवर येतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परततात. त्यांना ओळखण्याची पहिली खूण त्यांच्या उडण्याची आहे: गवताच्या टोकांवरून जेमतेम हातभर उंचीने, पंख उथळ व्ही आकारात धरून, डुलत डुलत हा पक्षी माळ जणू विंचरत जातो आणि मध्येच गर्रकन वळून गवतात उतरतो. नाकतोडे, छोटे पक्षी आणि उंदीर हे त्याचे खाद्य आहे. माँटेग्यूच्या भोवत्याचा नर करडा असतो आणि त्याच्या पंखावर आडवी काळी रेघ दिसते. फिकट भोवत्याचा नर जवळजवळ पांढुरका असून त्याच्या पंखाच्या टोकाशी काळी पाचर असते. दोन्ही जातींच्या माद्या आणि तरुण पक्षी तपकिरी असतात, त्यांच्या शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा असतो आणि त्यांना एकमेकींपासून वेगळे ओळखणे अनुभवी लोकांनाही अवघड जाते. अशा वेळी वहीत नुसते ‘भोवत्या, मादी’ असे लिहिण्यात काहीही कमीपणा नाही. घार आणि गरुड पाहायचे असतील, तर साडेनऊनंतर मान वर करावी, कारण जमीन तापून हवा वर चढू लागल्याशिवाय ते फारसे घिरट्या घालत नाहीत. एका जागी पंख मारत हवेत थांबणारा मोठा, खालून पांढुरका पक्षी दिसला, तर तो बहुधा सापमार गरुड असतो.

बाकीचे पक्षी आपोआप भेटतात. बोरीच्या शेंड्यावर खाटीक, दगडावर गप्पीदास, वाटेवर माळटिटवी, पायाजवळून भुर्रकन उठणारे चंडोल. उजाड मुरमावर धावून थांबणारा, पुन्हा धावून थांबणारा धाविक मात्र लक्ष देऊन शोधावा लागतो. अभयारण्याबाहेर शाळूला दाणा भरू लागला की तिथे भोरड्यांचे थवे उतरतात आणि गोफण घेऊन उभा असलेला शेतकरी त्यांच्यावर ओरडत असतो. हे दृश्य रस्त्यावर उभे राहूनच पाहावे, उभ्या पिकात शिरू नये.

लांडगा, तरस आणि खोकड (माळावरचा लहान कोल्हा) यांचा या परिसरात वावर आहे, पण त्यांचे दर्शन ठरवून होत नाही. त्यांच्या खुणा मात्र ठरवून पाहता येतात. पहाटेच्या धुळीत वाटेवर उमटलेले ठसे गाड्या जाण्यापूर्वीच पाहून घ्यावेत. तरसाचा पुढचा पाय मागच्यापेक्षा मोठा असल्याने ठशांतील फरक जाणवतो, आणि त्याची विष्ठा खाल्लेल्या हाडांतील चुन्यामुळे वाळल्यावर पांढरी पडते. लांडग्याच्या विष्ठेत केस दिसतात. माळावर मेंढरे घेऊन फिरणारे धनगर भेटले, तर आदराने रामराम करून दोन शब्द बोलावेत. लांडगा कोणत्या अंगाने आला आणि केव्हा गेला याची त्यांच्याइतकी नेमकी माहिती दुसऱ्या कोणाकडे नसते, आणि त्याची किंमत तेच मोजत असतात. लांडग्यांची पिले हिवाळ्यातच जन्मतात. म्हणून एखादी ताजी उकरलेली ढोली किंवा बीळ दिसल्यास तिथून ताबडतोब दूर व्हावे, आणि त्या जागेचे छायाचित्र वा ठिकाण कोणालाही पाठवू नये. चिंकारा आणि लांडगा या दोघांनाही 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सर्वोच्च संरक्षण दिलेले आहे. पक्ष्यांचे ध्वनिमुद्रित आवाज वाजवून त्यांना बोलावणे आणि ड्रोन उडवणे हे दोन्ही प्रकार येथे पूर्ण वर्ज्य समजावेत.

पायांकडे लक्ष असू द्यावे. थंडी असली म्हणजे साप नसतात, हा समज चुकीचा आहे. घोणशीचा मीलनकाळ हिवाळ्यातच येतो आणि थंड सकाळी ती वाटेच्या कडेला ऊन खात पडलेली असते. दगडगोट्यांच्या जागी फुरसेही असते. दगड उलटे करून पाहण्याची हौस घरी ठेवून यावी आणि वाट सोडून गवतात शिरू नये.

दुपार माळावर काढण्यात फारसा अर्थ नाही. सुप्यात किंवा मोरगावला जेवून चारच्या सुमारास परत यावे. संध्याकाळचे ऊन कलू लागले की माळभर विखुरलेले भोवते रात्रीच्या मुक्कामाला एकत्र येऊ लागतात. हे पक्षी झाडावर नव्हे, उघड्या गवतात जमिनीवर झोपतात. सूर्यास्तापूर्वीची वीस-पंचवीस मिनिटे ते त्या जागेवर खालून फेऱ्या मारतात आणि एकेक करून गवतात नाहीसे होतात. हे दुरूनच, वाटेवर थांबून पाहावे, आणि शेवटचा पक्षी उतरण्याची वाट न पाहता प्रवेशद्वाराकडे निघावे, कारण अंधार पडण्यापूर्वी बाहेर पडणे बंधनकारक असते आणि गाडीच्या दिव्यांचा झोत त्या गवतावर पडणे बरे नाही. चौफुल्याकडे परतताना पहिले काही किलोमीटर गाडी सावकाश चालवावी, कारण बांधाच्या कडेने निघालेले खोकड याच वेळी रस्ता ओलांडते.