कोर्ट बंद असताना ऑफिस कसं तगलं : डिचोलीहून नव्या वकिलांसाठी

तालुक्याच्या गावात वकिली करणाऱ्याची मिळकत तारखेवर चालते. तारीख असली की अशील येतो, हजेरी लागते, दिवसाचे पैसे हातात पडतात. मार्च २०२० मध्ये २२ तारखेचा जनता कर्फ्यू गोव्यात तसाच पुढे वाढला, २५ पासून देशभर टाळेबंदी लागली, आणि कोर्टात तातडीच्या कामापलीकडे काही चालेना. तारखा पुढे पुढे जाऊ लागल्या. आमच्यासारख्या एक खोली, एक क्लार्क असलेल्या ऑफिसांकडे येणारा पैसा तिथेच थांबला. त्या दोन वर्षांतून ऑफिस बाहेर कसं काढलं ते मी इथे लिहिते आहे, कारण आता सनद घेऊन स्वतःचं ऑफिस थाटणाऱ्या मुलामुलींना हे कोणी बसून सांगत नाही. माझं म्हणणं थोडक्यात असं: सगळी मिळकत तारखेवर टांगू नका. कागदाच्या, म्हणजे दस्त-मसुद्यांच्या, कामावर निदान अर्धी उभी करा, आणि ती चांगल्या दिवसांतच करा.

डिचोलीला, म्हणजे गोव्यातल्या आमच्या खाणींच्या तालुक्याला, हा मार दुहेरी बसला. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या. ट्रकमालक, गॅरेजवाले, खाणीवर पगार घेणारे, सगळे माझे अशील. त्यांच्यावर आधीच फायनान्स कंपन्यांचे चेक बाऊन्सचे खटले होते. काहींनी ट्रक उभा करून किनाऱ्याकडे टॅक्सी घातली, तर २०२० मध्ये पर्यटकच यायचे बंद झाले. अशा माणसाकडे थकलेली फी मागणं मला जमलं नाही, आणि मागितली असती तरी मिळाली नसती. म्हणून पहिला धडा पैशाचा. ऑफिसला फर्निचर करण्याआधी सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा. भाडं, क्लार्कचा पगार, वीज, इंटरनेट, घरचा हप्ता, एवढाच हिशेब धरा. घरमालकाशी बोलून भाड्याची सवलत मिळाली तर ती दोन ओळींत लिहून दोघांनी सह्या करा. रिझर्व्ह बँकेने १ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२० पर्यंत कर्जाचे हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली होती, पण त्या काळातलं व्याज चालूच होतं. ज्यांना हप्ता भरणं शक्य होतं त्यांनी तो भरला, हे बरं केलं. क्लार्कचा पगार मी कापला नाही. कुठली फाइल कुठल्या कपाटात आहे, कुठल्या अशिलाचा नंबर बदलला आहे, कोणाच्या नकलेचा अर्ज कधी दिला आहे, हे त्यालाच ठाऊक असतं. तो गेला की निम्मं ऑफिस जातं.

मग फायली. कोर्ट बंद असलेल्या आठवड्यांत आम्ही कपाट रिकामं केलं आणि प्रत्येक फाइल उघडली. वरच्या पानावर सोळा अंकी-अक्षरी सीएनआर (कोर्टाच्या संगणकात प्रत्येक खटल्याला मिळणारा) क्रमांक, पुढची तारीख, अशिलाचा चालू नंबर, घरातल्या दुसऱ्या एका माणसाचा नंबर, आणि लाल शाईत दावा-अपील दाखल करायची मुदत संपण्याचा दिवस. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. सर्वोच्च न्यायालयाने २३ मार्च २०२० रोजी स्वतःहून दखल घेऊन १५ मार्चपासून मुदती थांबवल्या, तेव्हा बऱ्याच जणांनी सुटकेचा श्वास घेतला आणि डायरी मिटली. तो आदेश मार्च २०२१ मध्ये मागे घेतला गेला, दुसऱ्या लाटेत २७ एप्रिलला पुन्हा लागू झाला, ऑक्टोबरमध्ये परत संपला, आणि शेवटी १० जानेवारी २०२२ च्या आदेशाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा सगळा काळ मुदतीतून वगळला गेला. ज्यांनी दर आदेशाला हिशेब नव्याने मांडला त्यांचे दावे तगले.

एक उदाहरण मांडून दाखवते. समजा जून २०१८ मध्ये कोणी हातउसने पैसे दिले. दाव्याची तीन वर्षं जून २०२१ मध्ये संपली असती. १५ मार्च २०२० रोजी त्यातलं जवळपास सव्वा वर्ष शिल्लक होतं. हे ९० दिवसांहून जास्त, म्हणून ते पूर्ण सव्वा वर्ष १ मार्च २०२२ पासून मोजायचं. शिल्लक ९० दिवसांहून कमी असती, तर १ मार्चपासून ९० दिवस मिळाले असते. जुन्या व्यवहारांच्या दाव्यांत हा हिशेब मांडावाच लागतो, तेव्हा तो पाठ करा. चेकच्या नोटिशीचे ३० दिवस आणि नंतर तक्रारीचा एक महिना, यांनाही तो आदेश लागू होता. पण फौजदारी काम करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: पोलिसांनी आरोपपत्र दाखल करायचे ६० किंवा ९० दिवस, जे उलटले की आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो, ते त्या आदेशाने वाढले नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानेच जून २०२० मध्ये स्पष्ट केलं. कोलवाळच्या तुरुंगात कोणाचं माणूस असेल तर असा एक दिवस मोजायचा राहिला की त्याची किंमत ते घर भोगतं.

आता कागदाचं काम. गोव्यातल्या वकिलाच्या दारात ते आयतं उभं असतं. आपल्याकडचा वारसाहक्क उर्वरित भारतापेक्षा वेगळा चालतो, आणि २०१२ चा वारसा, विशेष नोटरी व इन्व्हेंटरीचा कायदा २०१६ पासून लागू आहे. घरोघरी आजोबांच्या नावावरचं भाट (बागायतीची जमीन), कोणी न केलेलं म्युटेशन (फेरफाराची नोंद), परदेशी गेलेला भाऊ. एरवी लोक हे पुढे ढकलतात. साथीत मृत्यू घरात शिरला तेव्हा ढकलता येईना.

दुसऱ्या लाटेनंतर सत्तर वर्षांच्या घरातली एक काकी आली. हातात प्लॅस्टिकची पिशवी, आत बँकेची पुस्तकं, एक-चौदाचा (जमिनीच्या हक्कनोंदीचा) उतारा, लग्नाचा दाखला. नवरा मे २०२१ मध्ये गेला होता. तिने विचारलं, "वकीलबाय, आता सगळं मुलांच्या नावावर जाणार ना? मी कुठे?" मी तिला कागदावर एक चौकोन काढून मधोमध रेघ मारून दाखवली. वेगळा करार न करता इथे लग्न झालेलं असेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक. एक अर्धा तिचा स्वतःचा, तो वारशात येतच नाही. वाटप होतं ते नवऱ्याच्या अर्ध्याचं, आणि त्यात लग्न झालेल्या मुलीचा वाटा मुलाइतकाच. हे ऐकून ती बराच वेळ त्या रेघेवर बोट ठेवून बसली. मग काम सुरू झालं: मृत्यूचा दाखला, मुलांच्या जन्माचे दाखले, जावई आणि सून यांचीही नावं, कारण त्यांचा संसारही सामाईकच. लग्नाच्या दाखल्यावर आडनाव एका तऱ्हेने, एक-चौदावर दुसऱ्या तऱ्हेने, म्हणून एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र. वारस कोण हे ठरवायला विशेष नोटरीकडे डीड ऑफ सक्सेशन. त्याने वाटप होत नाही, वाटपाला वेगळा वाटपाचा दस्त किंवा इन्व्हेंटरी (वारसांत मालमत्ता वाटण्याचं कोर्टातलं काम) लागते, हे अशिलाला पहिल्याच दिवशी सांगा. यातला बहुतेक मसुदा ऑफिसात बसून होतो, आणि फी टप्प्याटप्प्याने घेता येते: कागद गोळा झाले की एक भाग, मसुदा झाला की दुसरा, नोंदणीला उरलेला. हजेरीवर ती अवलंबून नसते.

कोविडने गेलेल्यांच्या कुटुंबाला ५०,००० रुपयांचं सानुग्रह अनुदान सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये मंजूर केलं. त्याचे अर्ज आम्ही पैसे न घेता भरून दिले. ते पैसे घेऊ नयेत असं माझं ठाम मत आहे.

व्हिडिओवरच्या सुनावणीबद्दल फार लिहीत नाही, ती आता सगळ्यांना सवयीची आहे. फक्त सत्तरी तालुक्याच्या आतल्या गावांत रेंज नसते, तेव्हा अशिलाला आधीच डिचोलीला बोलावून घ्या आणि निवाडे, अर्ज, दाखले एका पीडीएफमध्ये पानांचे आकडे घालून ठेवा. मे २०२१ मध्ये बांबोळीच्या गोमेकॉतल्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळातल्या) ऑक्सिजनच्या तुटवड्यावर मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने रोजच्या रोज विचारणा केली. त्या दिवसांत वकिलीचं मोल मला पुन्हा नव्याने जाणवलं.

अशील टिकवायचा तर त्याला फोन करा. जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियमांची बंदी आहे, इन्स्टाग्रामवर खटले जिंकल्याचे फोटो टाकू नका. पण स्वतःच्या अशिलाला "तुमची तारीख पुढे गेली, अंतरिम आदेश चालूच आहे, येऊ नका" एवढं कळवायला कोणाची बंदी नाही. आमच्या बऱ्याच अशिलांना मनाई हुकूम संपला अशी भीती होती. उच्च न्यायालयाने अंतरिम आदेशांची मुदत वेळोवेळी वाढवली होती, ते एका फोनने कळत होतं. ज्यांना तेव्हा आम्ही फोन केला त्यांनी पुढे शेजाऱ्यापाजाऱ्यांची कामं आमच्याकडे आणली.

आणि एक, फी अडली म्हणून निकालातला टक्का ठरवू नका, त्याला नियमांनी मनाई आहे. दुसरा धंदा स्वतः चालवायलाही मनाईच आहे. त्यापेक्षा गरजूंना फुकट वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर नाव नोंदवा. मानधन थोडं असतं, पण काम येत राहतं, आणि तालुका समितीत बसलं की मुंडकाराच्या (भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याच्या) घरापासून पोटगीपर्यंत सगळ्या तऱ्हेचे कागद हाताखालून जातात. पॅनेलचे अर्ज मागवतात तेव्हा कोर्टाच्या फलकावर सूचना लागते. क्लार्कला ती बघायला सांगून ठेवा.