विकास आराखड्यावर हरकत अशी नोंदवा

प्रारूप विकास आराखडा (शहरातली कुठली जमीन कशासाठी, हे ठरवणारा कच्चा आराखडा) प्रसिद्ध झाला की महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 26 खाली हरकत घेता येते. शेवटची तारीख सूचनेतच असते. ती आधी टिपून घ्या.

नगररचना विभागात विद्यमान जमीन वापर आणि प्रस्तावित जमीन वापर हे दोन्ही नकाशे शेजारी ठेवून पाहा. मैदानाचं आरक्षण उठलंय का, डीपी रस्ता (विकास आराखड्यात दाखवलेला रस्ता) अरुंद झालाय का, हे तिथेच कळतं.

अर्जात सर्व्हे किंवा गट नंबर, आरक्षण क्रमांक आणि नेमकी मागणी लिहा: ‘आरक्षण कायम ठेवावे’. नुसतं ‘आमचा विरोध आहे’ लिहिलेल्या अर्जावर हरकती ऐकणारी नियोजन समिती ठरवणार काय? सातबारा, नकाशाचा तुकडा जोडा. शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

कलम 28 खालच्या सुनावणीला स्वतः जा.