बाप्तिस्मा घेण्याआधी: अर्थ कसा समजून घ्यावा

सुरुवात बायबलमधल्या रोमकरांस पत्र 6:3-4 पासून करा. ख्रिस्ताबरोबर मरणे, पुरले जाणे आणि नव्या जीवनात उठणे, हा बाप्तिस्म्याचा, म्हणजे या ख्रिस्ती जलविधीचा गाभा तिथे सापडतो. पाण्यात पूर्ण बुडवण्याची पद्धत हेच चित्र दाखवते. काही मंडळ्या डोक्यावर पाणी ओततात किंवा शिंपडतात.

मग प्रेषितांची कृत्ये, अध्याय 8 सलग वाचा. शिमोन नावाचा जादूगार बाप्तिस्मा घेतो, पण पुढे पैसे देऊन पवित्र आत्मा देण्याचे सामर्थ्य विकत घ्यायला निघतो, तेव्हा प्रेषित पेत्र त्याला पश्चात्ताप करायला सांगतो. पाणी लागले म्हणून मन आपोआप बदलत नाही. त्याच अध्यायातला कूशी (इथिओपियाचा) अधिकारी आधी प्रश्न विचारतो, समजून घेतो आणि नंतरच पाण्यात उतरतो. क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे.

पाळकांना दोन गोष्टी स्पष्ट विचारा. पहिली, बाप्तिस्म्याने कृपा मिळते असे ही मंडळी मानते, की तो विश्वासाची जाहीर साक्ष आहे? कॅथलिक आणि बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथांची उत्तरे इथे वेगळी येतील. दुसरी, तान्हेपणी झालेला बाप्तिस्मा ग्राह्य धरतात का? बॅप्टिस्ट मंडळ्या सहसा धरत नाहीत. कॅथलिक चर्च पिता, पुत्र व पवित्र आत्म्याच्या नावाने पाण्याने रीतसर झालेला बाप्तिस्मा पुन्हा देत नाही.

लग्नासाठी किंवा घरच्यांच्या आग्रहाखातर होकार देत असाल तर थांबा. घाई कसली? येशू कोण आणि त्याच्यामागे का जायचे, हे स्वतःच्या शब्दांत पाच-सहा वाक्यांत लिहून पाहा. अडखळलात तर तोच मुद्दा पाळकांपुढे ठेवा.