ब्लास्टिंग झालेल्या पत्र्याला प्रायमर मारण्याआधी

ब्लास्टिंगहून (हवेच्या दाबाने बारीक कणांचा मारा करून जुना रंग आणि गंज काढून) आलेली गाडीची बॉडी राखाडी, स्वच्छ आणि रंगाला तयार दिसते. पण तो सगळा उघडा पत्रा असतो आणि गंजायला अगदी मोकळा असतो. भुसावळच्या मे महिन्यात असा पत्रा दिवसभर तग धरेल, पण आषाढात दोन-तीन तासांतच त्यावर तांबूस झाक येऊ शकते. म्हणून इपॉक्सी प्रायमर (रंगाखालचा पहिला थर), त्यात मिसळायचा हार्डनर, थिनर, गाळण्या आणि धुतलेली स्प्रे गन हे सगळं ब्लास्टिंगला गाडी पाठवण्याआधीच हाताशी ठेवा. ब्लास्टिंग झालं त्याच दिवशी प्रायमर बसलाच पाहिजे.

खरी तयारी ब्लास्टिंगच्या आधीच सुरू होते. ग्रीस, ऑइल, डांबर आधी काढा, नाहीतर ब्लास्टिंगचा मारा ते पत्र्यात आणखी दाबून बसवतो. खत वाहणारी ट्रॉली किंवा ट्रॅक्टरचं मडगार्ड असेल तर प्रेशर वॉशरने भरपूर पाणी मारून धुवा आणि पूर्ण वाळवा. खताचे क्षार ब्लास्टिंगने पूर्ण जात नाहीत. ते गंजाच्या खड्ड्यांच्या तळाशी राहतात, प्रायमरखाली ओलावा ओढतात आणि वरच्या रंगाला फोड आणतात. ब्लास्टिंगनंतर काही तासांत ठरावीक जागीच काळपट ठिपके उमटू लागले, तर तिथे क्षार राहिलेत असं समजा. ती जागा धुवून, लगेच वाळवून पुन्हा ब्लास्ट करायची.

पत्रा परत आला की नायट्रिलचे हातमोजे घातल्याशिवाय हात लावू नका. घामाचे ठसे प्रायमरखालून गंज होऊन वर येतात. मग बॅटरी पत्र्याला जवळजवळ टेकवून आडवा प्रकाश टाका. खोल खड्ड्यांच्या तळाशी टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका दिसला, तर तो अजून गंजच आहे. तेवढ्याच जागेवर पुन्हा ब्लास्टिंग करा. आरपार भोकं शोधायला अंधार करून पत्र्याच्या मागे दिवा धरा. वेल्डिंग निघालं तर ते आत्ताच उरका, आणि जळलेला भाग पुन्हा साफ करा.

यानंतरचं काम धुळीचं, आणि सगळ्यात जास्त गाड्या इथेच बिघडतात. ब्लास्टिंगचे कण दरवाजाच्या खालच्या घडीत, सिलच्या (दरवाजाखालच्या पट्टीच्या) पोकळीत, बोनेटच्या दुहेरी पत्र्यात भरून राहतात. नुसती हवा मारून ते निघत नाहीत. पत्रा फिरवून रबरी हातोडीने हलके ठोके द्या, व्हॅक्यूम लावा, मग हवा मारा, आणि कण पडायचे थांबेपर्यंत हे चालू ठेवा. एवढं केलं नाही तर गनच्या हवेने तेच कण उडून ओल्या प्रायमरवर बसतात. हवा मारण्याआधी कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी सोडा. मग पांढरं कापड दीड-दोन फुटांवर धरून त्यावर मिनिटभर हवा सोडा. कापडावर पाण्याचा किंवा तेलाचा डाग आला तर आधी वॉटर सेपरेटर (हवेतलं पाणी अडवणारा फिल्टर) नीट करा.

पुसायला वॅक्स-ग्रीस रिमूव्हर घ्या. रॉकेल आणि डिझेल मागे तेलाचा थर सोडतात, त्यांना हातही लावू नका. एका कापडाने ओलं करा आणि ते वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या कापडाने उचला. खरखरीत पत्र्यावर कापडाचे धागे अडकतात, म्हणून धागे न सुटणारं कापड हवं, आणि नंतर पुन्हा एकदा हवा. फार खरबरीत लागलेल्या भागावर ८० नंबरचा कोरडा पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवा. उंच टोकं राहिली तर ती प्रायमरच्या वर डोकावतात आणि तिथूनच गंज धरतो. उघड्या पत्र्यावर ओला पेपर कधीच नको.

हवामान बघितल्याशिवाय गन उचलू नका. हवा २७ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतली वाफ पत्र्यावर पाणी होऊन बसते) साधारण २४ अंशांवर असतो. पत्रा त्याहून किमान ३ अंश गरम हवा आणि आर्द्रता ८५ च्या खाली हवी. पावसाळ्यात आणि थंडीत पहाटेचा पत्रा हवेपेक्षा गार असतो, त्यामुळे दहा-अकरापर्यंत थांबा. उन्हाळ्यात याच्या उलट, सकाळीच आटपा. दुपारच्या ४२-४५ अंशांत प्रायमर पत्र्यावर पोहोचेपर्यंत अर्धवट वाळतो, भुकटीसारखा बसतो आणि भांड्यातला मालही लवकर घट्ट होतो. हळू वाळणारं थिनर घ्या आणि थोडा-थोडा माल कालवा. कापसाच्या हंगामात जिनिंगजवळ काम असेल तर शेडची दारं-खिडक्या बंद ठेवा, नाहीतर रुईचे तंतू ओल्या थरावर चिकटतील.

मिश्रणाचं प्रमाण आणि कालवून ठेवायचा वेळ डब्यावर असेल तसाच पाळा. दोन पूर्ण कोट मारा, मध्ये तिथेच दिलेला वेळ जाऊ द्या. केमिकल कार्ट्रिजचा मास्क हवाच, कापडी फडकं वाफ अडवत नाही. गंज काढायचं ॲसिड वापरलं असेल तर ते पूर्ण धुवून निघालं पाहिजे, कारण उरलेल्या ॲसिडवर इपॉक्सी धरत नाही. लांबी (खड्डे भरायची पुट्टी) आणि सीलर (सांधे बुजवायचा) दोन्ही इपॉक्सीच्या वर लावायचे. डब्यावर दिलेली रीकोटची (पुढचा कोट मारायची) मुदत टळली, तर पुढच्या कोटाआधी पेपर मारून पृष्ठभाग खरवडून घ्या.