पदवीप्रदान समारंभात बोलायचंय? शिकवण एकच निवडा

पदवीप्रदान समारंभातल्या भाषणांचे विषय ठरलेले असतात: अपयश पचवणं, आवडीचं काम, चिकाटी, आईवडील-शिक्षकांचं ऋण, समाजाचं देणं. नवा विषय शोधत बसू नका. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत वेद शिकवून झाल्यावर आचार्य शिष्याला असंच काही सांगतात: खरं बोल, स्वाध्यायात हयगय करू नकोस, द्यायचं ते श्रद्धेनं दे. पण तिथे आणखी एक गोष्ट आहे, जी आजच्या भाषणांत क्वचितच सापडते: आमचं जे चांगलं वागणं असेल तेवढंच घे, बाकीचं नको. वक्त्यानं असा थोडा कमीपणा घेतला की मुलं लक्ष देऊन ऐकतात.

पाच मिनिटांत दोन शिकवणी मावत नाहीत. सावकाश बोललं तर मिनिटाला १००-११० शब्द होतात, म्हणून ५०० शब्दांवर थांबा. निवडलेली शिकवण एका वाक्यात लिहा आणि ती ऐकणाऱ्याला उद्या सकाळी काय करता येईल ते तपासा. ‘मोठी स्वप्नं पाहा’ इथेच बाद होतं. अमेरिकी नौदलाचे ॲडमिरल विल्यम मॅकरेवन यांनी २०१४ साली टेक्सास विद्यापीठात ‘उठल्यावर आपलं अंथरूण नीट आवरा’ म्हटलं, ते टिकलं.

मग प्रसंग. तो आधी, शिकवण नंतर. स्टॅनफर्डला २००५ साली स्टीव्ह जॉब्स यांनी आधी कॉलेज सोडल्यानंतर केलेल्या सुलेखनाच्या वर्गाबद्दल सांगितलं, मग ते ॲपलच्या मॅकिंटॉश संगणकाच्या अक्षरांत कसं उतरलं ते, आणि अर्थ त्यानंतर. उलट क्रमानं सांगितलं असतं तर तो नुसता उपदेश झाला असता. प्रसंगात जागा, वस्तू आणि अडचण हवी. ‘खूप संघर्ष केला’ यात यातलं काहीच नाही.

संघर्षकथेत एक खोट हमखास राहते. कष्ट केले आणि यश मिळालं, एवढंच सांगितलं की तितकेच कष्ट करून मागे राहिलेल्यांवर अन्याय होतो. फी कुणी भरली, संधी कुणी दिली, नशीब कुठे आड आलं नाही, तेही सांगा. ऋणाचा विषय मग वेगळा काढावा लागत नाही.

विद्यार्थी प्रतिनिधी असाल तर ‘तुम्ही’ऐवजी ‘आपण’ म्हणा. बरोबरीच्यांना उपदेश शोभत नाही. वर्गातले खासगी विनोद एकच ठेवा, मागे बसलेल्या पालकांना ते कळत नाहीत. मान्यवरांची नावं सूत्रसंचालकानं घेतलेलीच असतात, तुम्ही एका वाक्यात आटपा. पाठ्यपुस्तकातल्या कवितेच्या ओळी टाळलेल्या बऱ्या.

सराव उभं राहून, मोठ्यानं, घड्याळ लावून करा. जिथे दम लागेल ते वाक्य तोडा. कागद मोठ्या अक्षरात, एका बाजूला छापलेला, पानांना क्रमांक घातलेला असू द्या. शेवटची दोन वाक्यं पाठ हवीत, म्हणजे नजर कागदावर राहणार नाही. आणि ‘शेवटी एवढंच सांगेन’ म्हणालात की लोक पिशव्या आवरायला लागतात, तेव्हा ते म्हणूच नका.